बावीस हिरवी झाडं

ब्रह्माघाट, वाराणसी
१४ नोव्हेंबर १९९८

नंदा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, एवढंही आज मला पुष्कळ आहे. पत्ता आपल्या संशोधन केंद्रातल्या शरदकडून मिळाला. तो परीक्षक म्हणून तुझ्या कॉलेजात आला होता ना, त्यानं सांगितलं की अंबाजोगाईत तू वनस्पतिशास्त्र शिकवतेस. त्याला चहा दिलास, मुलाबाळांचं विचारलंस, आणि माझं नाव निघाल्यावर घड्याळ बघून वर्गावर गेलीस, हेही सांगितलं.

मी कामाचंच लिहिते.

१९९२ च्या जानेवारीत तू टोमॅटोच्या बावीस रोपांना आपला विषाणू टोचला होतास. आजारी झाडातून वेगळा केलेला, जिवाणूत वाढवलेला, अगदी शुद्ध. तुला हे नव्यानं सांगायची गरज नाही, पण मला एकदा ओळीनं मांडायचं आहे. रोपांना बोकड्या व्हायला हवा होता, पानं आकसून वर वळायला हवी होती. बावीसच्या बावीस हिरवी राहिली. पानांत विषाणू आहे हे तू तपासून दाखवलंस आणि आपल्या मार्गदर्शक मुळ्ये सरांना म्हणालीस, "विषाणू आत आहे, पण रोग नाही. सर, अजून काहीतरी लागतं." सरांना ते पटलं नाही. त्यांनी तोच प्रयोग मला पुन्हा करायला सांगितला. माझ्या वीसपैकी अठरा रोपांची पानं वळली. पेपर माझ्या प्रयोगावर छापला गेला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तू पीएच.डी. अर्धी सोडून गेलीस.

गेल्या वर्षी त्याच शुद्ध विषाणूनं आम्ही टोमॅटोचे बारा वाण तपासले. बाराही हिरवे राहिले. वाण रोगाला दाद देत नाहीत असं समजून सर खूश झाले, त्यातल्या दोन वाणांचं बी चाचणीसाठी शेतकऱ्यांना दिलं. तुलना करायला लावलेला, हमखास आजारी पडणारा देशी वाणसुद्धा हिरवाच होता, तो मात्र मी 'टोचणी नीट लागली नसेल' म्हणून सोडून दिला.

गेल्या महिन्यात रामनगरच्या पुढे गीता मौर्य नावाच्या बाईंच्या शेतात गेले. आमचं बी लावलेला अख्खा तुकडा चुरडलेला. पानं मुठीत धरून सोडल्यासारखी. बाईंनी मला बांधावर उभं केलं आणि विचारलं, "बहिनजी, आपके जालीघर में बीमारी सच में आती है, कि बस रजिस्टर में लिखी जाती है?"



परत येऊन मी शुद्ध विषाणू पुन्हा टोचला आहे. आज अठ्ठाविसावा दिवस. सगळी हिरवी. तुझी ती बावीस झाडं तू किती दिवस ठेवली होतीस? मला चाळीस आठवतात. एवढंच कळवलंस तरी चालेल.

ऋता सप्रे


वाराणसी
१० जानेवारी १९९९

नंदा,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी जिन्यात जाऊन उभी राहते.

गीताबाईंच्या शेतातली आजारी पानं आणून त्यांचा डीएनए काढला. डीएनएचे तुकडे आकारानं वेगळे करणाऱ्या जेलवर जिथे आपल्या विषाणूची पट्टी येते तिथे ती आलीच. पण तिच्या खाली आणखी एक होती, बारीक. ती दरवेळी येते. मागे आपण असल्या पट्ट्यांना 'तुटका माल' म्हणायचो आणि फोटोतून कापून टाकायचो. या वेळी मी ती कापली नाही. तीही विषाणूसारखं डीएनएचं एक वर्तुळच आहे, आपल्या विषाणूच्या साधारण निम्म्या आकाराची. तिची नक्कल आपली आपण होत नाही. विषाणू शेजारी असला तरच होते. शेतातल्या प्रत्येक आजारी झाडात ती आहे, आपण टोचलेल्या हिरव्या झाडांत नाही. ऑस्ट्रेलियात टोमॅटोच्याच विषाणूबरोबर असं छोटं वर्तुळ दोन वर्षांमागे सापडलंय, पण तिथे त्याच्यामुळे रोगात काही फरक पडत नव्हता. हे दुसरंच आहे असं मला वाटतं.

'अजून काहीतरी लागतं,' असं तू म्हणाली होतीस.

काल जाळीघरात ढुंढिराजकाका रोपांना पाणी घालत होते. आपले माळीकाका. आता डोळ्यांनी कमी दिसतं त्यांना, पण सोडत नाहीत. मी त्यांना म्हटलं, "काका, नंदाची झाडं बरोबर होती."

त्यांनी झारी खाली ठेवली. म्हणाले, "बेटा, हे मला कशाला सांगतेस? मी तर त्या वेळीच समजलो होतो."

"काय समजला होतात?"

"आता राहू दे. तुला सगळं पता आहे."

नंदा, मला अजून एक लिहायचं होतं. आज होत नाही. तीन कागद फाडले.

ऋता


वाराणसी
२ फेब्रुवारी १९९९

नंदा,

सरळ लिहिते, नाहीतर पुन्हा राहील.

माझा प्रयोग खोटा होता. सहाव्या दिवशी सकाळी मी माझ्या रोपांच्या जाळीच्या पिंजऱ्यात गेले तर खालच्या कोपऱ्यात पंजा जाईल एवढी जाळी फाटलेली होती. माकडानं फाडली असणार. एक पान उलटलं तर खालून पांढऱ्या माश्या उडाल्या. पंचवीस पावलांवर आजारी टोमॅटोचा वाफा होता आणि त्या तिथूनच आल्या होत्या. त्याच क्षणी वीसही रोपं उपटून जाळायला हवी होती. मी ढुंढिराजकाकांना सुई आणि सुतळी आणून दिली, म्हटलं, "काका, शिवून टाका. किसी को बताना नहीं." वहीत त्या दिवसापुढे 'सर्व ठीक' लिहिलं. माझ्या झाडांना शुद्ध विषाणूनं नाही, माश्यांनी आजारी केलं. माश्यांनी शेतातलं सगळंच आत आणलं होतं, मोठं वर्तुळ आणि छोटंही.

सर्वांसमोर सरांनी विचारलं, "ऋता, जाळी नीट होती ना?" मी म्हटलं, "हो सर." तू माझ्या शेजारी बसली होतीस.

आणि त्या संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर तू मला साधं विचारलंस, "खरं सांग, पिंजऱ्यात काही शिरलं होतं का? मी कुणाला सांगणार नाही. मला फक्त माझं चुकलं का ते कळू दे." मी तुला म्हणाले, "तुला हरणं जमत नाही, नंदा."

का केलं, याची कारणं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. सरांना दिल्लीच्या बैठकीत निकाल द्यायचा होता. माझी जागा पक्की व्हायची होती. ही कारणं खरी आहेत, पण पुरी नाहीत. तीन वर्षं तू आमच्या घरी राहिलीस. आई पहिली पोळी तुला वाढायची. माझ्या बनारसी मराठीला तू हसायचीस आणि आई तुझ्या बाजूनं हसायची. प्रयोगशाळेत तुझे हात माझ्याहून चांगले होते. सर मात्र मला 'आपल्या घरातली मुलगी' म्हणायचे आणि तुला 'सोळुंके'. तेवढी एकच जागा होती जिथे मी तुझ्या वर होते, आणि मी ती वापरली. तेव्हा मला हे कळत नव्हतं असं म्हणणार नाही. कळत होतं.

तू उत्तर दे असं मी म्हणत नाही. पण हे तुला कागदावर, माझ्या सहीनं मिळायला हवं होतं. हे पत्र तू कुणालाही दाखवू शकतेस.

ऋता सप्रे


वाराणसी
२१ मार्च १९९९

नंदा,

तुझं पोस्टकार्ड काल आलं. तीन ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की आईनं विचारलं, कुणाचं लग्न ठरलं का.

"तिन्ही पत्रं मिळाली. झाडं एक्केचाळीस दिवस ठेवली होती, चाळीस नाही. छोटं वर्तुळ एकटं टोचून पाहिलंस का? नसेल तर तुझ्याकडे अजून पुरावा नाही."

बरोबर आहे. माझ्याकडे पुरावा नव्हता. दोन्ही वर्तुळं एकत्र टोचून रोग दाखवायच्या घाईत मी होते, एकट्याचं बघायचं सुचलंच नव्हतं. आता चार ओळी लावल्या आहेत. एका ओळीला फक्त विषाणू, एकीला फक्त छोटं वर्तुळ, एकीला दोन्ही आणि एकीला काहीच नाही. प्रत्येकी चोवीस रोपं. जाळी दुहेरी आहे, दाराला दोन पडदे. रोज सकाळी मी आणि ढुंढिराजकाका चारी कोपरे हातानं चाचपून बघतो आणि वहीत दोघं सही करतो. काकांना सही येते हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. मोडीत करतात.

सरांना सांगितलं. परवा, त्यांच्या खोलीत. जूनमध्ये ते निवृत्त होणार, टेबलावर निरोपाच्या पुस्तिकेची पानं पसरलेली होती आणि त्यात आमच्या त्या पेपरचं नाव सगळ्यात वर होतं. जाळीचं, माश्यांचं, 'सर्व ठीक'चं, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग म्हणाले, "सात वर्षांनी सांगतेस?"

"हो सर."

"तुला पदोन्नती मिळायची आहे यंदा. हे बाहेर गेलं तर मिळेल?"

"नाही मिळणार, सर."

"मग आता कोण वाचतंय तो पेपर? कुणाला काय फरक पडतो?"

मी गीताबाईंचं शेत सांगितलं. तुझं सांगितलं. तुझं नाव घेतल्यावर त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "तू जा आता."

मी त्यांना दोष देत नाही. त्यांना जाळीचं काहीच माहीत नव्हतं. ते माझ्यावर विसंबले होते.

ऋता


वाराणसी
९ मे १९९९

नंदा,

आधी निकाल, कारण तू तेच आधी मागितलंस.

फक्त विषाणू: चोवीसपैकी शून्य. पानांत विषाणू आहे, पण थोडा.
फक्त छोटं वर्तुळ: शून्य. पानांत सापडतही नाही.
काहीच नाही: शून्य.
दोन्ही: चोवीसपैकी एकवीस. पहिलं पान अठराव्या दिवशी वळलं.

वळलेलं पान मी हातात धरलं तेव्हा आनंद झाला हे कबूल करते. लगेच वाटलं, हा आनंद १९९२ मध्ये तुझा होता. तुला आणखी दोन वर्षं मिळाली असती तर ही बारीक पट्टी तू शोधलीच असतीस.

आता तुझं मोठं पत्र.  तू लिहिलंस: "सात वर्षं मी समजत होते की माझे हातच वाईट आहेत. प्रयोगशाळेची नोकरी चालून आली होती, घेतली नाही. प्रॅक्टिकलला पोरींचे हात तीन तीनदा धुवून घेते, पोरी मला हसतात. घरात दही लागलं नाही तरी मनात यायचं, आपल्या हातात काही लागत नाही. तू एका 'हो सर'नं हे केलंस. माफ केलं असं मी लिहीत नाही. तसं वाटलं तर लिहीन, नाही वाटलं तर नाही. चारी ओळींचा निकाल मात्र कळव. राग वेगळा आणि निकाल वेगळा."

 तुझे हात चांगले होते. त्या बावीस झाडांत एकही माशी शिरली नव्हती, एकही टोचणी चुकली नव्हती. आमच्या केंद्रात त्या सालात झालेला सर्वांत स्वच्छ प्रयोग तो होता. मी हे आता वहीत लिहिलंय आणि परवा सर्वांसमोर बोललेही.

त्याबद्दल थोडं सांगते. चर्चासत्रात मी आधी जाळीची गोष्ट सांगितली आणि मग चार ओळींचे फोटो दाखवले. नवीन मुलं एकमेकांकडे बघायला लागली.  सर पहिल्या रांगेत होते. ते मधेच उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, संपलं.

दुपारी जाळीघरात गेले तर सर आत होते. हातात भिंग, दोन्ही टोचलेल्या ओळीशी वाकलेले. कोट काढून ढुंढिराजकाकांच्या हातात दिलेला. तासभर ते एकेक रोप बघत होते. शेवटी म्हणाले, "एकवीस बरोबर आहेत. मला वाटलं होतं, तू एखादं जास्त मोजलं असशील."

 हे ऐकून घेणं मला भागच होतं.

मग ते म्हणाले, "त्या मुलीला मी काय बोललो होतो माहीत आहे? म्हटलं होतं, शेतात राबलेल्या हातांना हे काम जमायचं नाही. तोंडावर म्हटलं होतं. तिचा पत्ता दे मला."

मी दिला आहे. तुला न विचारता दिला, यासाठीही माफी. त्यांचं पत्र आलं तर वाचायचं की नाही, तू ठरव. पेपर मागे घेत असल्याच्या पत्रावर त्यांनी सही केली. निरोपाच्या पुस्तिकेतून ती ओळ स्वतः पेनानं खोडली.

ऋता


वाराणसी
१७ ऑक्टोबर १९९९

नंदा,

पेपर मागे घेतल्याची सूचना छापून आली. सोबत प्रत जोडली आहे. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय की शुद्ध विषाणूनं रोग होत नाही हे सर्वप्रथम कु. नंदा सोळुंके यांनी १९९२ मध्ये याच केंद्रात दाखवलं होतं. 'कु.' काढायला सांगणार होते, तू आता कुमारी आहेस की श्रीमती मला ठाऊकही नव्हतं. ते तसंच राहिलं.

पदोन्नती मिळाली नाही. समितीनं 'तीन वर्षांनी विचार करू' असं लिहून दिलं. वाईट वाटलं, पण त्या दिवशी मी घरी येऊन व्यवस्थित जेवले. आईला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मटार सोलता सोलता म्हणाली, "नंदाला इकडे यायला रजा कधी मिळते?"

आता बातम्या. बाहेरच्या देशांतही लोकांना कापसात आणि एका रानटी झुडपात अशी छोटी वर्तुळं सापडत असल्याचं ऐकतो. तेव्हा आपणच पहिले असं काही नाही. मला त्याचं दुःख नाही, उलट धीर आला. आपण खोट्यामागे नव्हतो.

गीता मौर्य गेल्या आठवड्यात केंद्रावर आल्या होत्या, डोक्यावरून पदर आणि हातात औषधाच्या कागदाची पुडी. गेल्या साली चुरडलेल्या त्या तुकड्यात एकच झाड शेवटपर्यंत सपाट राहिलं होतं म्हणे. बांधाच्या कडेचं, कुठून उगवलं कोण जाणे. त्यांनी त्याचं बी राखलं. मला पुडी देऊन म्हणाल्या, "इसको सच्ची वाली बीमारी देके देखिए." खऱ्या रोगानं तपासायला आता आपल्याकडे दोन्ही वर्तुळं आहेत. सोबत आणखी पाच वाण आहेत, सहा ओळी होतील. रोपं तयार होताहेत.

तुझ्या अटी वाचल्या. डिसेंबरात महिनाभराची रजा. पीएच.डी.ची नोंदणी नव्यानं, पण जुनी बावीस झाडं त्यात धरायची. केंद्राच्या प्रमुखांना विचारलं, ते हो म्हणाले, लेखी मागितलं आहे. टोचणी तू स्वतः करणार, मला हात लावू द्यायचा नाही. मान्य. तुझ्या कॉलेजच्या परिसरातली आजारी मिरचीची पानं तू आणणार. ती वाळवून, कागदात घालून आण. आणि राहायला गेस्ट हाऊस, आमचं घर नाही. तेही मान्य. खोली सांगून ठेवली आहे, सकाळचं ऊन येणारी.

स्टेशनावर येऊ नकोस असं तू लिहिलंयस. येणार नाही. ढुंढिराजकाका येतील, त्यांना तू हो म्हणशील.

ऋता


गेस्ट हाऊसच्या चौकीदाराकडे ठेवलेली चिठ्ठी
२९ डिसेंबर १९९९, सकाळी साडेसात

नंदा,

तुला न्यायला आले होते. धुकं इतकं आहे की फाटकच सापडेना. चौकीदार म्हणाला, मॅडम तर नुकत्याच ब्रह्माघाटाला गेल्या, कुणा माताजींकडे चहा प्यायला, आणि काल पण गेल्या होत्या. मला तू किंवा आई, दोघींपैकी एकीनंही सांगितलं नाही. ठीक आहे.

मी जाळीघराकडे जाते. आज सव्विसावा दिवस. काल पाच ओळी वळल्या होत्या. गीताबाईंच्या बियांची सहावी ओळ काल संध्याकाळी दारातून सपाट दिसत होती. जवळ जाऊन मी पाहिलेलं नाही आणि वहीतलं पान कोरं ठेवलं आहे.

चहा झाला की ये. तूच मोज, तूच लिही. मी बाहेर बाकावर बसते.

ऋता